दुसऱ्या खेपेला पास होणाऱ्या पोरानं शोधलं अणूचं केंद्रक : अर्नेस्ट रुदरफोर्ड यांची गोष्ट

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात एक आकृती हमखास असते. सोन्याचा पातळ पत्रा, त्यावर आदळणारे अल्फा कण आणि खाली नाव, रुदरफोर्डचा प्रयोग. परीक्षेला प्रश्न येतो, पोरं पाठ करतात, मार्क मिळतात आणि विषय संपतो. पण हे नाव ज्याचं, तो माणूस कोण होता, कुठल्या घरातून आला, हे पुस्तकात फारसं येत नाही. तो आला होता शेतातून. आणि शिकताना एकदा नाही, दोनदा मागं पडून पुढं गेला होता.

जन्मदाखल्यावर नावच चुकलं

अर्नेस्ट रुदरफोर्ड यांचा जन्म ३० ऑगस्ट १८७१ रोजी न्यूझीलंडमधल्या नेल्सन शहराजवळच्या स्प्रिंग ग्रोव्ह या खेड्यात झाला. नोंद करताना नावाचं स्पेलिंग चुकलं आणि ते तसंच कागदावर राहिलं. वडील जेम्स लहानपणीच स्कॉटलंडहून बोटीनं आलेले. गाड्यांची चाकं बनवणं, शेती, लाकूडकाम, जे मिळेल ते करायचे. आई मार्था लग्नाआधी शाळेत शिकवायची. घरात बारा भावंडं आणि अर्नेस्ट चौथा.

खाणारी तोंडं जास्त म्हणून घरानं गावं बदलली. पुढं वडिलांनी वाखाचा धंदा धरला. आपल्याकडं घायपातापासून वाख काढतात, तसं तिकडं पाणथळ जागेत लांब पानांचं एक झाड येतं. त्याच्या पानांतून धागा काढून दोर वळायचे. पोरांनीही हाताला हात लावायचा. गाईंच्या धारा, सरपण, बटाट्याची काढणी, यातून कुणाची सुटका नव्हती.

१८८६ साली घरावर मोठा घाला आला. अर्नेस्टचे दोन भाऊ समुद्रात बुडून गेले. एक भाऊ त्याआधीच तान्हेपणी डांग्या खोकल्यानं गेला होता. आईनं हे सगळं पचवलं आणि उरलेल्या पोरांच्या शिक्षणाचा हट्ट मात्र सोडला नाही.

स्कॉलरशिप हुकली, पुन्हा बसला

हॅवलॉक गावच्या शाळेत अर्नेस्ट हुशार म्हणून ओळखला जायचा. पण हायस्कूलला जायचं तर स्कॉलरशिप हवी. घरच्या पैशावर ते जमणार नव्हतं. पहिल्या खेपेला स्कॉलरशिप हुकली. दुसऱ्या वर्षी, १८८७ मध्ये, तो पुन्हा बसला आणि ६०० पैकी ५८० मार्क पाडून नेल्सन कॉलेज या शाळेत गेला. तिथून विद्यापीठात जायची वेळ आली तेव्हा पुन्हा तेच. देशभरात मिळून दहा स्कॉलरशिप होत्या. पहिल्या वेळी नाही, दुसऱ्या वेळी मिळाली.

१८९० मध्ये तो ख्राइस्टचर्चच्या कँटरबरी कॉलेजात दाखल झाला. बीए झाला, गणित आणि भौतिकशास्त्र दोन्हींत पहिल्या वर्गात एमए झाला. पुढं कॉलेजच्या तळघरातल्या एका अडगळीच्या खोलीत विजेच्या झटपट बदलणाऱ्या प्रवाहानं लोखंडात चुंबकत्व कसं येतं, यावर प्रयोग करत बसला. उपकरणं स्वतःच्या हातानं बनवलेली.

पण पोट भरायचं काय? मास्तरकीची कायम नोकरी मिळावी म्हणून त्यानं तीनदा खटपट केली. तिन्ही वेळा नाही मिळाली. शिक्षक भरतीच्या यादीत नाव न लागल्याचं दुःख काय असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्याच वेळी इंग्लंडला जाऊन संशोधन करण्यासाठी एक स्कॉलरशिप निघाली होती. निवड झाली ऑकलंडच्या एका रसायनशास्त्रज्ञाची, रुदरफोर्ड दुसऱ्या नंबरवर. पण पहिल्या नंबरवाल्याचा संसार त्या रकमेत भागेना, म्हणून त्यानं नकार दिला आणि संधी खाली सरकली. ही बातमी आली तेव्हा अर्नेस्ट रानात बटाटे काढत होता आणि हातातलं खुरपं टाकून, आपण काढलेला हा शेवटचा बटाटा, असं म्हणाला, अशी गोष्ट त्यांच्या घरात सांगितली जायची. खरी-खोटी असो, पण १८९५ मध्ये तो बोटीत बसला हे खरं.

केंब्रिजचा बाहेरचा पोरगा

केंब्रिजची कॅव्हेंडिश प्रयोगशाळा त्या काळी जगात नावाजलेली. प्रमुख होते जे. जे. थॉमसन. बाहेरच्या विद्यापीठातून शिकून आलेल्यांना संशोधनासाठी घ्यायचा नियम त्याच वर्षी झाला होता आणि रुदरफोर्ड त्या पहिल्या तुकडीतले. वसाहतीतून आलेल्या, मोठ्या आवाजात बोलणाऱ्या या शेतकरी पोराकडं काही जण नाक मुरडून बघायचे. पण त्यांनी न्यूझीलंडहून आणलेल्या स्वतःच्या यंत्रानं अर्ध्या मैलावरून बिनतारी लहरी पकडून दाखवल्या आणि बोलणारे गप्प झाले.

तो काळच मोठा गडबडीचा होता. १८९५ च्या शेवटी जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. १८९६ मध्ये फ्रान्समध्ये बेक्वेरेल यांना युरेनियममधून आपोआप किरण निघताना दिसले. १८९७ मध्ये थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला. अणू म्हणजे न फुटणारा कण, असं जग शंभर वर्षं मानत आलं होतं. आता त्या अणूच्याही आत काहीतरी आहे हे कळलं.

बिनतारी संदेशात पैसा होता. रुदरफोर्ड यांनी तो नाद सोडला आणि युरेनियमच्या किरणांकडं वळले. त्यांना दिसलं की हे किरण एका जातीचे नाहीत. काही साध्या पातळ पत्र्यानंही अडतात, काही आरपार जातात. पहिल्यांना त्यांनी अल्फा नाव दिलं, दुसऱ्यांना बीटा. पुढं तिसऱ्या, फारच भेदक किरणांना गॅमा हे नावही त्यांनीच दिलं.

एका मूलद्रव्याचं दुसरं होतं

१८९८ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. वय २७. वर्षाला ५०० पौंड पगार. पण ख्राइस्टचर्चला ज्यांच्या घरी ते राहायला होते, त्यांच्या मुलीशी, मेरी न्यूटन यांच्याशी, जमलेलं लग्न अजून व्हायचं होतं. पाच वर्षं दोघं थांबले. १९०० मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी लग्न केलं. पुढच्या वर्षी आयलीन ही मुलगी झाली. ती त्यांची एकुलती एक.

माँट्रियलला फ्रेडरिक सॉडी हा तरुण रसायनशास्त्रज्ञ जोडीला आला. थोरियम या मूलद्रव्यातून एक किरणोत्सारी वायू निघतो आणि त्याचा जोर ठरावीक वेळात निम्मा होतो, असं रुदरफोर्ड यांना आढळलं होतं. पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याचा निम्मा, मग त्याचाही निम्मा. शंभराचे पन्नास, पन्नासाचे पंचवीस. हाच अर्धायुकाल. दोघांनी मिळून १९०२-०३ मध्ये दाखवून दिलं की किरणोत्सारात अणू स्वतःच फुटतो आणि एका मूलद्रव्याचं दुसरं मूलद्रव्य होतं. लोखंडाचं सोनं करायच्या जुन्या किमयागारांच्या गप्पांवर हसणाऱ्या रसायनशास्त्राला हा धक्काच होता.

याच शोधाचा एक वेगळा उपयोग झाला. पृथ्वीचं वय किती, यावर वाद चालू होता. पृथ्वी तापलेल्या गोळ्यासारखी थंड होत आली, या हिशेबानं लॉर्ड केल्विन या थोर शास्त्रज्ञांनी ते दोन ते चार कोटी वर्षं काढलं होतं. भूगर्भशास्त्रज्ञांना ते फारच कमी वाटायचं. रुदरफोर्ड यांनी १९०४ मध्ये लंडनच्या भाषणात सांगितलं की खडकांतली किरणोत्सारी द्रव्यं सतत उष्णता देतात, म्हणून पृथ्वी त्याहून खूप जुनी असू शकते. समोर म्हातारे केल्विन स्वतः बसलेले. रुदरफोर्ड यांनी मोठ्या खुबीनं सांगितलं की उष्णतेचा नवा उगम सापडला नाही तरच आपला हिशेब खरा, ही अट केल्विन यांनी आधीच घालून ठेवली होती. म्हाताऱ्याचा मानही राहिला आणि खरं ते बोलूनही झालं.

१९०७ मध्ये ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला आले. १९०८ मध्ये नोबेल मिळालं, पण रसायनशास्त्राचं! स्वतःला भौतिकशास्त्रज्ञ समजणाऱ्या रुदरफोर्ड यांना याची फार गंमत वाटली. इतकी रूपांतरं पाहिली, पण आपलंच रूपांतर सगळ्यात झटपट झालं, असं ते हसत सांगत.

सोन्याचा वर्ख आणि उलटे फिरलेले कण

बहुतेकांचं मोठं काम नोबेलच्या आधी झालेलं असतं. रुदरफोर्ड यांचं सगळ्यात मोठं काम नोबेलनंतर झालं.

अणूची तेव्हाची समजूत थॉमसन यांची होती. लाडवात बेदाणे असावेत तसे धन प्रभाराच्या गोळ्यात इलेक्ट्रॉन रुतून बसलेले. म्हणजे अणू सगळीकडून सारखाच भरलेला. त्यावर जोरात अल्फा कण मारले, तर ते थोडे इकडं-तिकडं सरकतील, पण आरपार जातील.

मँचेस्टरला हान्स गायगर हा जर्मन सहकारी होता आणि अर्नेस्ट मार्सडन हा वीस वर्षांचा विद्यार्थी. मार्सडनचा बाप कापडाच्या मागावर काम करणारा. १९०९ मध्ये रुदरफोर्ड यांनी या पोराला एक काम दिलं. सोन्याच्या पातळ वर्खावर अल्फा कण सोडायचे आणि एखादा मागं फिरतो का ते बघायचं. काही निघेल अशी त्यांनाही आशा नव्हती.

काम किचकट होतं. अल्फा कण पडद्यावर आदळला की बारीकशी चमक दिसायची. ती सूक्ष्मदर्शकातून मोजायची. त्यासाठी आधी अर्धा तास मिट्ट अंधारात बसून डोळे तयार करायचे आणि मग एकेक चमक मोजत राहायचं. अशा हजारो चमका गायगर आणि मार्सडन यांनी मोजल्या.

आणि कण मागं फिरले. फार थोडे, हजारोंमध्ये एखादा. पण फिरले. कागदावर बंदुकीची गोळी झाडावी आणि ती उलटून आपल्याच अंगावर यावी, असला हा प्रकार.

रुदरफोर्ड यांनी घाई केली नाही. वर्ष-दीड वर्ष डोक्यात घोळवलं, गणित मांडलं. १९११ मध्ये त्यांनी जाहीर केलं की अणूतला धन प्रभार आणि जवळजवळ सगळं वस्तुमान मधोमध एका अतिशय लहान जागेत कोंबलेलं आहे. तेच अणुकेंद्रक. बाकी अणू म्हणजे पोकळी आणि त्यात इलेक्ट्रॉन.

ही पोकळी किती, ते रानातल्या हिशेबानं बघू. सोन्याच्या अणूचं केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढं धरलं, तर तो अणू साधारण दीड एकराच्या चौरस वावराएवढा होईल. मधोमध एक दाणा आणि बाकी सारं रान मोकळं. म्हणून बहुतेक कण आरपार गेले. जो नेमका दाण्यासमोर आला तोच उलटला.

तेव्हा या शोधाचा फारसा गाजावाजा झाला नाही. एक अडचणही होती. केंद्रकाभोवती फिरणारा इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत क्षणात आत कोसळायला हवा, मग अणू टिकतो कसा? याचं उत्तर मँचेस्टरला येऊन गेलेल्या नील्स बोर या डॅनिश तरुणानं १९१३ मध्ये ठरावीक कक्षांच्या कल्पनेतून दिलं.

लढाईनं पोरं नेली

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि प्रयोगशाळा ओस पडली. अंधारात शेजारी बसून चमका मोजणारे गायगर आणि मार्सडन आता एकमेकांविरुद्धच्या सैन्यात होते. जेम्स चॅडविक हा विद्यार्थी शिकायला जर्मनीत गेला होता, तो तिथंच नजरकैदेत अडकला. हेन्री मोझली हा सगळ्यात तल्लख. मूलद्रव्यांना अणुअंक कसा लावायचा हे त्यानं प्रयोगानं दाखवलं होतं. तो ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून गेला. वय अवघं २७. असला माणूस खंदकात पाठवणं हा देशाचा करंटेपणा आहे, ही खंत रुदरफोर्ड यांनी उघडपणे मांडली.

ते स्वतः पाण्याखालच्या पाणबुड्यांचा आवाज पकडायच्या कामाला लागले. उरलेल्या वेळात मात्र एकच मदतनीस घेऊन प्रयोग चालूच होते. नायट्रोजन वायूवर अल्फा कण मारले की त्यातून हायड्रोजनची केंद्रकं बाहेर पडतात, असं त्यांना दिसलं. १९१९ मध्ये हे छापून आलं. माणसानं ठरवून एका मूलद्रव्याचं केंद्रक बदलल्याचा हा पहिला पुरावा. हायड्रोजनच्या या केंद्रकाला १९२० मध्ये त्यांनी नाव दिलं, प्रोटॉन.

कॅव्हेंडिशचा कारभारी

१९१९ मध्येच थॉमसन यांच्या जागी ते कॅव्हेंडिशचे प्रमुख झाले. ज्या दारात बाहेरचा म्हणून उभे राहिले होते, त्या घराचे कर्ते झाले. १९२० मध्ये त्यांनी अंदाज केला की केंद्रकात प्रभार नसलेलाही एक कण असावा. चॅडविक कैदेतून सुटून परत आले होते. त्यांनी बारा वर्षं तो कण शोधला आणि १९३२ मध्ये सापडवला. तोच न्यूट्रॉन. त्याच वर्षी कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्रानं वेग दिलेल्या प्रोटॉननं लिथियमचं केंद्रक फोडलं. त्या दिवसांत मुंबईचा एक तरुण केंब्रिजमध्ये शिकत होता. नाव होमी भाभा. पुढं मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि ट्रॉम्बेचं अणुसंशोधन केंद्र त्यांनीच उभं केलं.

पैसा कमी असायचा, पण रुदरफोर्ड यांचा कुणावाचून अडला नाही. सॉडी, बोर, चॅडविक, हान, कॉक्रॉफ्ट, वॉल्टन, ब्लॅकेट, कपित्सा. हाताखाली शिकलेल्या-वावरलेल्या या सगळ्यांना पुढं नोबेल मिळालं. माँट्रियलला त्यांनी हॅरिएट ब्रुक्स या मुलीलाही संशोधनात घेतलं होतं, ज्या काळात मुलींना प्रयोगशाळेचं दार सहसा उघडत नसे. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतून परागंदा झालेल्या शास्त्रज्ञांना आधार देणाऱ्या मंडळाचं अध्यक्षपदही त्यांनी १९३३ मध्ये घेतलं.

घरात मात्र अंधार झाला होता. डिसेंबर १९३० मध्ये चौथ्या बाळंतपणानंतर आयलीन गेली. वय २९. काही दिवसांतच, १९३१ च्या पहिल्या दिवशी, त्यांना लॉर्ड ही पदवी जाहीर झाली. पदवीत त्यांनी आपल्या गावाकडचं नेल्सन हे नाव घेतलं आणि मानचिन्हात न्यूझीलंडचा किवी पक्षी घातला. म्हाताऱ्या आईला तार केली की हा मान आपल्यापेक्षा तिचाच जास्त आहे. आई आणखी चार वर्षं जगली.

एक अंदाज चुकला

एवढा मोठा माणूस एका ठिकाणी चुकला. अणू फोडून ऊर्जा मिळवण्याची भाषा म्हणजे निव्वळ भ्रम आहे, असं त्यांनी १९३३ मध्ये जाहीर भाषणात सांगितलं. तेव्हाच्या माहितीवर ते बरोबरही होतं, कारण मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा खर्च कितीतरी जास्त होता. पण डिसेंबर १९३८ मध्ये युरेनियमचं केंद्रक दुभंगल्याचं ज्यांच्या प्रयोगातून निघालं, ते ऑटो हान एकेकाळी माँट्रियलला त्यांच्याच हाताखाली शिकून गेले होते. आणि ते केंद्रक फोडणारा कण होता न्यूट्रॉन, ज्याचं भाकीत खुद्द रुदरफोर्ड यांचं. सात वर्षांत हिरोशिमा झालं. तारापूरसारखी वीज केंद्रंही त्यातूनच आली.

हे बघायला ते उरले नव्हते. जुना हर्निया होता, त्याकडं फारसं लक्ष दिलं नव्हतं. ऑक्टोबर १९३७ मध्ये आतड्याला पीळ बसला, ऑपरेशन झालं, पण १९ ऑक्टोबरला केंब्रिजमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६६. जानेवारी १९३८ मध्ये ते भारतात येणार होते. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते नियोजित अध्यक्ष होते. ती जागा सर जेम्स जीन्स यांनी चालवली. रुदरफोर्ड यांच्या अस्थी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटन यांच्या समाधीजवळ ठेवल्या आहेत. १०४ क्रमांकाच्या मूलद्रव्याला रुदरफोर्डियम हे नाव आहे आणि न्यूझीलंडच्या शंभर डॉलरच्या नोटेवर त्यांचं चित्र.

लासलगावच्या विकिरण केंद्रात कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कांद्याला कोंब फुटणं थांबवतात, तिथून हापूस आंबाही अमेरिकेला गेला आहे. त्या गॅमा किरणांचं नाव ज्यानं ठेवलं, तो पोरगा स्वतः बटाटे काढत मोठा झाला होता. स्कॉलरशिपच्या यादीत ज्यांचं नाव यंदा लागलं नाही, त्यांनी पुस्तकातली ती आकृती एकदा पुन्हा बघावी आणि पुढच्या वर्षीचा फॉर्म भरावा.